डाव्या पानावरच्या खुणा

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली
६ जानेवारी २०२४

चि. वर्षास काकाचे आशीर्वाद.

पार्सल एवढं जड बघून मुरुक्कूच्या चकल्या समजली असशील. मुरुक्कू नाही, वही आहे. झेरॉक्स. मूळ वही मी देत नाही, पोस्टावर माझा तेवढा विश्वास नाही. पेन्सिलीच्या खुणा उठाव्यात म्हणून झेरॉक्सवाल्यानं यंत्र काळं करून दिलं, त्यामुळे कडा मळकट आल्यात. चालवून घे.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, आणि समीकरणं ही काही फोनवर सांगायची गोष्ट नव्हे. शिवाय रंगराव मुलीकडे चेन्नईला गेल्यापासून गल्लीत माझ्याशी मराठी बोलणारं कोणी राहिलेलं नाही. दिवसभर तमिळ. तुला लिहिताना तरी आपली भाषा हाताखालून जाते.

तुझ्या मावशीची आणि माझी कामाची पद्धत तू सुट्टीत यायचीस तेव्हा बघितली आहेस. उजव्या पानावर मी लिहायचं, डावं पान भामाचं. दुपारची कॉफी झाली की आम्ही समोरासमोर बसायचो आणि ती तपासायची. ओळ बरोबर असेल तर डाव्या पानावर तिच्या शेजारी पेन्सिलीची एक बारीक खूण. चूक असेल तर लहानसा गोल. काय चुकलं ते सांगायची नाही, माझं मी शोधायचं. एक्केचाळीस वर्षं हे चाललं. भामा शाळेत गणित शिकवायची आणि मी कॉलेजात पदार्थविज्ञान, पण दोघांत गणिती खरी तीच.

आता विषय. तू गणिताची, म्हणून सोपं करून सांगतो. अणूंचं जे क्वांटमशास्त्र आहे, त्यात प्रत्येक गोष्टीला एक तरंगफलन असतं. त्याला आकारमान असतं आणि कला असते. कला म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखी एक दिशा समज. वस्तू कुठं सापडेल ते आकारमानावरून कळतं. कला दिसत नाही, पण दोन तरंग भेटले की ती आकारमानात ढवळाढवळ करते आणि उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. आपलं साधं यांत्रिकी, दगड फेकला तर कुठं पडेल ते सांगणारं, तेही ह्याच गणितात लिहिता येतं. नव्वद वर्षांपूर्वी दोघा गणित्यांनी ते करून ठेवलं आहे. तसं लिहिलं की दगडालाही तरंगफलन मिळतं, त्यालाही कला मिळते, पण ती बिनकामाची. आकारमान आपल्या वाटेनं जातं, कला आपल्या वाटेनं. एका घरात राहून एकमेकांना काही विचारत नाहीत. सगळी पुस्तकं हेच सांगतात.

माझ्या वहीत सत्तेचाळिसाव्या पानावर कला आकारमानाला हात लावते. अगदी थोडा, पण लावते. हे खरं असेल तर नवीन आहे.

माझे अकरा निबंध छापून आले. एकावरही भामाचं नाव नाही. शेवटी 'पत्नीचे आभार' अशी ओळ असायची, तीही संपादकानं दोनदा जागा नाही म्हणून काढली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. ती गेल्यावर वाटायला लागलं, आणि आता दुसरं काही वाटतच नाही. हा निबंध तिच्या नावानं छापायचा आहे. आधी तिचं नाव, मग माझं. पाठवण्याआधी एकदा तू नजर घाल. तपासायचं असं काही नाही, तिनं सगळी वही तपासली आहे.

सांबशिव काका

*

पुणे
२१ जानेवारी २०२४

काकांना नमस्कार.

वही पोचली. प्रात्यक्षिक परीक्षा आणि पेपर ह्यात अडकले आहे, तरी तिसाव्या पानापर्यंत आले. मळकट झेरॉक्समधूनही तुमचं अक्षर तसंच दिसतं, फळ्यावर लिहिल्यासारखं. मावशीच्या खुणा बघून पहिले दोन दिवस पुढंच जाता येईना. अंबाड्यात पेन्सिल खोचून ती घरभर पेन्सिल शोधत फिरायची, आणि तुम्ही ठाऊक असूनही सांगायचा नाही.

तिचं नाव आधी घालायचं, हे मला फार फार आवडलं. मी वेळ घेऊन बघते. जेवणाचं काय करता ते लिहिलं नाहीत.

वर्षा

*

तंजावूर
४ फेब्रुवारी २०२४

चि. वर्षास,

मेसच्या मामी डबा पाठवतात. रसम बरं असतं. बाकी विचारू नकोस.

एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली का? ह्या वहीत एकही गोल नाही. आधीच्या वह्या काढून बघितल्या, प्रत्येकीत चाळीस-पन्नास गोल आहेत. ह्या एकशे बारा पानांत एक नाही. एवढ्या वर्षांनी माझा हात बसला म्हणायचा. त्या काळात मी तिला म्हणालोही, की बघ, आता तुला काही काम उरलं नाही. ती हसली नाही.

खरं सांगायचं तर शेवटचं दीड वर्ष ती माझ्यावर नाराज असावी. मी बोलत असलो की माझ्याकडे बघायची नाही. भिंतीकडे तोंड, नाहीतर माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठंतरी. मी विचारलं नाही. म्हटलं, बाईमाणसाला काहीतरी झालं असेल, होईल बरी आपोआप. मग ती झोपेतच गेली आणि ते तसंच राहिलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला का सांगतोय, कोण जाणे. घरात दिवे लावले तरी उजेड पडल्यासारखा वाटत नाही.

सत्तेचाळिसाव्या पानापर्यंत आलीस का?

सांबशिव काका

*

पुणे
३ मार्च २०२४

काकांना नमस्कार.

उशीर झाला, रागावू नका. वही पूर्ण वाचली. पुन्हा एकदा बघते आहे.

एक विचारते. मावशी तपासायला बसली की तुम्ही तिला पानं वाचून दाखवायचात का? सगळी, की काही पानांपर्यंतच? आठवत असेल तर लिहा.

वर्षा

*

तंजावूर
१२ मार्च २०२४

चि. वर्षास,

कसला प्रश्न विचारतेस. पण कोणीतरी तिच्याबद्दल विचारतंय ह्याचंच बरं वाटलं, म्हणून सांगतो. ही वही सुरू केली तेव्हा तिनं नवीन खूळ काढलं होतं. म्हणायची, तुम्ही मोठ्यानं वाचा, मी ऐकून खूण करते. मी वाचायचो. ती डोळे मिटून ऐकायची, मध्येच थांबवायची, आणि मी जागच्या जागी दुरुस्त करायचो. महिना-दोन महिने केलं. बत्तिसाव्या पानाशी मला कंटाळा आला. मी म्हणालो, शाळेतल्या पोरासारखं धडा वाचायला काय लावतेस, तुझं तू बघ. त्यानंतर तिनं कधी वाचायला सांगितलं नाही. पुढचं सगळं तिनं स्वतः बघितलंय, तेव्हा चिंता नको.

आता बातमी. तुझं 'पुन्हा बघते' आलं, त्याचा अर्थ चूक सापडली नाही असा मी घेतला आणि निबंध पाठवून दिला. हरिप्रसाद म्हणून माझा जुना विद्यार्थी आहे, तो कॉलेजच्या शिक्षकांसाठी इंग्रजी त्रैमासिक काढतो. चार दिवसांत त्याचं उत्तर आलं, जूनच्या अंकात पहिल्या पानापासून छापतो म्हणून. तपासायला दिला का विचारलं, तर म्हणाला, सर, तुमचा लेख मी कोणाला तपासायला देऊ.

पहिलं नाव भामाचं आहे. मुद्रित आलं की तुला पाठवतो. किती दिवसांनी आज बाजारात जाऊन मोगरा आणला आणि तिच्या फोटोला घातला.

सांबशिव काका

*

पुणे
२० मार्च २०२४

काका,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. सरळच लिहिते.

सत्तेचाळिसाव्या पानावर तिसऱ्या ओळीत चूक आहे. ह्या पद्धतीत स्थान आणि संवेग हे दोन्ही स्वतंत्र उभे असतात, हे तुम्हीच नवव्या पानावर ठळक लिहिलं आहे. तिसऱ्या ओळीत तुम्ही संवेगाच्या जागी स्थानाचं विकलन घातलंत. ते क्वांटमशास्त्रात करतात, इथं चालत नाही. तुम्ही चौतीस वर्षं वर्गात तेच शिकवलंत, हात आपोआप तिकडे वळला असणार. दुसऱ्या कोणाकडून ही चूक झालीच नसती. पण त्या एका ओळीनं समीकरणात दुसरं विकलन शिरतं, आणि कला आकारमानाला हात लावते ती तिथूनच. ओळ दुरुस्त करून पुढची तेरा पानं मी दोनदा सोडवली. पट्टे जातात. पुस्तकांत आहे तेच उरतं.

माझ्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या बाईंना फक्त ते पान दाखवलं, नाव न सांगता. त्यांचंही तेच म्हणणं पडलं.

जूनला वेळ आहे. हरिप्रसादना कळवाल ना?

वर्षा

*

तंजावूर
२९ मार्च २०२४

वर्षा,

तिसऱ्या ओळीशेजारी भामाची खूण आहे. तुझ्या झेरॉक्समध्येही आहे, नीट बघ.

ज्या बाईनं एक्केचाळीस वर्षांत माझी अर्धी चूकही सोडली नाही, ती असली ढोबळ चूक सोडेल? बी.एस्सी.च्या पोराला कळेल अशी? मी ती ओळ पुन्हा बघितली. ठीक आहे, दिसायला ती तशी दिसते. पण भामानं ती बरोबर म्हटली आहे, त्या अर्थी त्यात काहीतरी असणार जे तुला दिसत नाही आणि मलाही दिसत नाही. ते शोधायचं सोडून तू माझं पान घेऊन कोणा बाईकडे गेलीस.

मी हरिप्रसादला काही कळवणार नाही. चूक आहे म्हणून कळवायचं म्हणजे भामा चुकली असं कळवायचं. जिवंतपणी तिचं नाव छापलं नाही, आणि आता मेल्यावर तिच्या माथी चूक मारू?

पत्र पाठवलं नाहीस तरी चालेल.

सांबशिव

*

पुणे
७ एप्रिल २०२४

काका,

तुम्ही नको म्हणालात तरी लिहिते. हे कधीच सांगणार नाही असा शब्द मी मावशीला दिला होता. तो आज मोडते.

मावशी चुकली नाही. मावशीनं ती ओळ बघितलीच नाही. तिला दिसत नव्हतं.

तिच्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसायचं. घरात वावरायला, चूल-भांड्यांना अडचण नव्हती, पण समोरचं अक्षर दिसायचं नाही आणि समोरचा चेहराही. दर महिन्याला ती पापनाशमला एकशे आठ लिंगांच्या देवळात म्हणून जायची ना, ती तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायची. तंजावुरात गेली असती तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला कळलं असतं. ती तुमच्यावर नाराज नव्हती, काका. सरळ बघितलं की तुम्ही डागात जायचात, आणि भिंतीकडे तोंड केलं की कडेनं तुम्ही दिसायचात. हे तिनं मला हसत हसत सांगितलं होतं, आणि मी फोन ठेवून रडले होते. फेब्रुवारीत तुमचं ते पत्र आलं तेव्हाच मी सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. भित्रेपणा केला आणि त्याला शब्द पाळणं म्हटलं.

बत्तीस पानांपर्यंत ती ऐकून तपासत होती. तुम्ही वाचायचं बंद केल्यावर तिच्याजवळ काही उरलं नाही. वही उघडून बघा. बत्तिसाव्या पानानंतर खुणा सारख्या अंतरावर आहेत, ओळ कुठंही असो. अठ्ठावन्नाव्या पानावर ओळी सात आहेत आणि खुणा नऊ.

मी तिला खूप बोलले. म्हटलं, मावशी, काकांना सांग, ते वाचून दाखवतील, रागावणार नाहीत. ती म्हणाली, "रागवायचे नाहीत गं. वही बंद करून कपाटात ठेवतील. आणि वहीच नसेल तर ते माझ्याजवळ येऊन बसतील कशाला?"

मग म्हणाली, "दुपारचा एक तास आहे तो. तेवढा राहू दे."

तो शब्द मी तिला दिला तो तेव्हाच. दर गुरुवारी दुपारी तुम्ही ग्रंथालयात गेलात की ती मला फोन करायची, तासभर तरी बोलायची. हे मात्र तिनं पुन्हा काढलं नाही.

तुम्हाला दुखवायचं म्हणून लिहिलेलं नाही. तिच्या माथी चूक नाही, एवढंच तुम्हाला कळावं.

वर्षा

*

पुणे
१९ मे २०२४

काका,

सहा आठवडे झाले. माझं पत्र पोचल्याची पोचपावती आली, सही तुमचीच आहे. फोन उचलत नाही. काल शेवटी मेसच्या मामींचा नंबर मिळवला. त्या म्हणाल्या, डबा जातो, कधी रिकामा परत येतो, कधी तसाच. आणि तुम्ही एकदोनदा सकाळीच पिशवी घेऊन बस स्टँडकडे जाताना दिसलात.

शिव्या द्यायच्या तर द्या, पण चार ओळी टाका. नाहीतर सुट्टी लागली की मी येऊन उभी राहीन.

वर्षा

*

तंजावूर
२ जून २०२४

चि. वर्षास काकाचे आशीर्वाद.

जिवंत आहे. मागच्या पत्रात तुला लागेल असं लिहिलं, ते विसरून जा. विसरता येत नसेल तर निदान माफ कर.

अठ्ठावन्नावं पान उघडलं. सात ओळी आणि नऊ खुणा. ते पान मी दहा वेळा तरी उलटलं असेन, झेरॉक्स काढतानाही बघितलं असेन. मी खुणा बघत होतो, मोजल्या नव्हत्या.

पापनाशमला दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा दवाखान्याच्या दारातून परतलो, आत जाववेना. दुसऱ्यांदा गेलो. डॉक्टर तरुण आहेत, भामाला ओळखत होते. तिचं कार्ड काढून दाखवलं. अठरा भेटी. त्या प्रत्येक दिवशी मी इथं स्वतःची कॉफी स्वतः करून घ्यावी लागली म्हणून कुरकुरत होतो. ती आली की विचारायचो, गर्दी होती का गं देवळात. ती म्हणायची, होती. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटबरोबर घरचं कोणी आलं तर बरं असतं, त्यांना आम्ही दोन वेळा सांगितलं. त्यांनी काय उत्तर दिलं, मी विचारलं. म्हणाले, यजमान कामात असतात, एवढंच सांगायच्या.

येताना बसच्या खिडकीशी बसून मी एक डोळा मिटला आणि दुसऱ्यासमोर बोट धरून समोरच्या माणसाकडे बघत होतो, तिला काय दिसत असेल म्हणून. कंडक्टरनं विचारलं, पेरियवरे, आजोबा, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, नाही वाटत.

हरिप्रसादला पत्र गेलं. लेख मागे घेतो, पान सत्तेचाळीस, तिसरी ओळ, चूक माझी एकट्याची, असं लिहिलं. त्याला वाईट वाटलं. म्हणाला, सर, चुकीचा भाग काढून बाकीचं तुम्हा दोघांच्या नावानं छापतो. मी नको म्हणालो. चुकीचा भाग काढला की जे उरतं ते नव्वद वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर तिचं नाव घालणं म्हणजे पुन्हा एकदा 'पत्नीचे आभार'. तिचं नाव कुठंही छापून येणार नाही आता. ही गोष्ट मला फार लागते, आणि लागत राहू दे.

तू लिहिलंस, ती बोलायची. दर गुरुवारी, तासभर. मला हे खरंच वाटेना. माझ्याशी ती इतकं कधी बोलली नाही, किंवा बोलली असेल आणि मी वहीत डोकं घालून असेन. तासभर बोलण्यासारखं तिच्यापाशी काय होतं, मला ठाऊक नाही.

काल सकाळी कागद घेऊन बसलो. म्हटलं, भामाबद्दल गणित सोडून आपल्याला जे माहीत आहे ते लिहून काढू. तिला काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, लहानपणीचं काय सांगायची, कोणावर चिडायची. दुपारच्या डब्यापर्यंत बसलो होतो. सात ओळी झाल्या. त्यातल्या दोन ओळींची खात्री नाही.

बाकीचं तू लिही. गुरुवारी ती जे काही बोलली असेल ते सगळं, माझ्याबद्दल वाईट बोलली असेल तर तेही. आठवेल तसं, मागचं पुढं झालं तरी चालेल, रोज एक ओळ टाकलीस तरी चालेल. घाई नाही असं लिहिणार होतो. पण घाई आहे, वर्षा.

सांबशिव काका